उभ्या माणसाशी न बोलणाऱ्या बाई

मी कोणाचा सर्वात जास्त ऋणी आहे असं कोणी विचारलं, तर आईवडिलांच्याही आधी मी आमच्या खरेदीच्या बाईंचं नाव घेतो. नाव म्हणजे एवढंच, खरेदीच्या बाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण मध्य प्रदेशात सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात ते कोणी घेत नसे. पाठीमागे काही पुरवठादार त्यांना "खुर्चीवाली" म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. शाळा हिंदीत झाली, घरची भाषा मराठी, आणि बी.कॉम. झाल्यावर कोणाला भेटायचं, अर्ज कुठं द्यायचा हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून संत्र्याच्या हंगामात ठेकेदाराच्या माणसांत नाव लिहिलं आणि कारखान्यात क्रेट उतरवायला लागलो. एक दिवस गाडीची चिठ्ठी सही करून आणायला मला खरेदीच्या ऑफिसात पाठवलं. बाईंनी मान वर न करता म्हटलं, "बस."

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्यामागून कोणी साहेब आले असतील.

"तुलेच म्हणून राहिली. बस."

"कपडे खराब आहेत, बाई."

"खुर्ची धुता येते."

मी खुर्चीच्या कडेवर बसलो. मग त्यांनी चिठ्ठी हातात घेतली. किती शिकला म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बी.कॉम. झाला अन् इथं काय करून राहिला?"

"काम करून राहिलो, बाई."

हे मी उलट उत्तर म्हणून दिलं नव्हतं, मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. पण बाईंना ते लागलं असावं. दुपारी चहाच्या वेळी त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं की आज आपण एका पोराला मूर्खासारखा प्रश्न विचारला आणि त्यानं शहाण्यासारखं उत्तर दिलं. पुढे वजनकाट्यावरचा माणूस सोडून गेला तेव्हा त्यांनी मला तिथं बसवलं, आणि नंतर आपल्या हाताखाली घेतलं. आज मी ज्या कामावर पोट भरतो ते सगळं मी त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून शिकलो.

उभ्या माणसाशी बोलायचं नाही हा त्यांचा नियम होता. हमाल असो, ट्रकचा क्लीनर असो, ठेकेदाराचा मुनीम असो, आधी बसायचं, मग बोलायचं. ऑफिसात तीन खुर्च्या होत्या, तिन्ही सारख्या, आणि त्यातली बाईंची कोणती हे ठरलेलं नव्हतं. चौथा माणूस आला की बाई उठून उभ्या राहत आणि सही खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून करत. मोठे पुरवठादार यामुळे फार अडचणीत येत. शेजारच्या खुर्चीवर आपल्याच गाडीचा ड्रायव्हर बसलेला असताना भावाची गोष्ट कशी काढावी हे त्यांना कळत नसे. बाई दोघांनाही चहा मागवत आणि भावाची गोष्ट स्वतःच काढत.

आणि गंमत म्हणजे याच बाई बसमध्ये कायम उभ्या. त्यांचं घर पांढुर्ण्याला जाम नदीच्या पलीकडे, सावरगावात. रोज सकाळी पांढुर्ण्याहून सौंसरची बस आणि संध्याकाळी परत. जागा रिकामी असली तरी त्या दांडा धरून उभ्या असत. कंडक्टर थकला होता सांगून सांगून. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "दिवसभर बसूनच तर असते मी. पाय विसरतीन ना मले."

पुरवठादाराकडे त्या न कळवता जात, आणि जात त्याही नेमक्या जेवणाच्या सुटीत. क्रेट बनवणारा असो की पुठ्ठ्याचे खोके करणारा, बाईंचा पहिला प्रश्न मालाचा नसायचा. त्या विचारत, लेबर पाणी कुठलं पिते? मालकाच्या केबिनमधलं थंड पाणी बाजूला ठेवून त्या मजुरांच्या माठापाशी जात, तिथलाच गिलास घेत आणि पीत. दुसरा प्रश्न संडासाचा. "बायाइचा संडास कुठं आहे?" असं एका प्रतिष्ठित माणसाला त्याच्याच कारखान्यात, चार पाहुण्यांसमोर विचारताना मी त्यांना ऐकलं आहे. त्या माणसानं बोटानं मागचं शेत दाखवलं. बाई म्हणाल्या, "बरं. मंग तुमची दुसरी गाडी तो बांधून झाल्यावर येऊ द्या." बांधून झाला. तो माणूस पुढे लोकांना सांगत फिरे की या बाईच्या नादानं माझ्या संडासाचं उद्घाटन झालं, आता फीत कापायला तिलेच बोलवतो.

दिवाळीत पुरवठादार मिठाईचे डबे पाठवत. बाई ते परत करत नसत. गेटवरच उघडत आणि ज्याचा डबा त्याच्याच गाडीच्या ड्रायव्हर-क्लीनरला वाटून टाकत. "तुमच्या मालकानं पाठवली," असं सांगूनच देत. दुसऱ्या वर्षी काही मालकांनी गाडीवाल्यांना आधीच वेगळे डबे दिले. बाई म्हणाल्या, चला, एवढं तर झालं.

त्या साध्वी होत्या असं नाही. चिडक्या होत्या, भावात घासाघीस करताना समोरच्याला घाम फोडत, आणि एकदा एखाद्याला खोटारडा ठरवलं की त्याचं ऐकून घेत नसत. रामाकोन्याच्या शेडचं प्रकरण त्यांच्या याच स्वभावानं झालं.

रामाकोना माझं गाव. तिथं एका मोठ्या बागायतदाराची शेड आहे. आजूबाजूच्या बागांतला संत्रा तिथं येतो, पट्ट्यावरून सरकतो आणि दोन्ही बाजूंच्या बाया हातानं निवडून लहान-मोठा, चांगला-डागी वेगळा करतात. डागी आणि लहान माल आमच्याकडे रसाला येई. माझी आई त्या पट्ट्यावर कामाला होती. सकाळी उभी राहिली की दुपारी जेवायला खाली बसायची, पुन्हा संध्याकाळपर्यंत उभी.

त्या वर्षी आमचा रस विकत घेणाऱ्या बाहेरच्या मोठ्या कंपनीनं एक नियमावली पाठवली. तुम्ही ज्यांच्याकडून माल घेता त्यांच्याकडच्या मजुरांना, ठेक्यावरच्या माणसांना नीट वागवलं जातं का, याची जबाबदारी तुमची, असा तिचा मतलब होता. आमच्या मॅनेजरनं ती बाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं की घ्या, तुमच्या छंदाला आता शिक्का मिळाला. बाईंनी लगेच प्रत्येक पुरवठादाराच्या करारात अटी घातल्या. शेडच्या करारात एक अट होती, उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायला स्टूल द्यावेत.

शेडच्या मालकानं पांढुर्ण्याच्या बाजारातून स्टूल आणले. काही दिवसांनी बाई मला घेऊन रामाकोन्याला गेल्या. स्टूल भिंतीशी एकावर एक रचलेले होते, आणि सगळ्या बाया पट्ट्याशी उभ्या होत्या. मालक गयावया करायला लागला. "बाई, मी रोज म्हणतो त्याइले, बसा म्हणून. नाही बसत. आता काय बांधून ठेवू?"

बाईंना वाटलं, हा थापा मारतो आहे. स्टूल दाखवायला आणले, वापरायला दिले नाहीत. त्यांनी तिथंच सांगितलं की उद्यापासून तुमचा माल बंद.

डागी माल टाकायला जागा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी शेडच बंद राहिली. ऐन हंगामात बाया घरी. मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आई अंगणात बसून होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुह्या बाईनं आमच्या बसण्यासाठी आमचं काम बंद केलं. आता बसलोच आहो, पाह्य."

मी हे वाक्य दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं बाईंना सांगितलं. त्यांनी हातातली चिठ्ठी बाजूला ठेवली. मग मालकाला फोन करून म्हणाल्या की आज पट्टा चालू करा, माल मी घेते, आणि डबा पिशवीत टाकून माझ्यासोबत निघाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची सुटी झाली होती. बाया खाली गोल करून बसल्या होत्या. बाई पदर खोचून त्यांच्यात बसल्या, आपला डबा उघडला आणि माझ्या आईच्या डब्यातली चटणी मागून घेतली. बायांमध्ये सर्वात वडील एक होत्या, त्यांना सगळं गाव मामी म्हणे. मामी बोलायला फटकळ. म्हणाल्या, "अवो बाई, तुम्ही आमचं काम बंद करता अन् चटणी खाता?"

"चटणी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "काम चालू केलं. आता सांगा, स्टूलवर बसत काहून नाही?"

एक-दोघी हसल्या. तेवढ्यात शेडच्या दारात मालकाचे वडील आले. त्यांना सगळे आबाजी म्हणत. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. म्हातारा माणूस वाईट नव्हता, कोणावर खेकसत नसे. दिवसातून चार-पाच चकरा मारायचा, संत्रा हातात घेऊन पाहायचा आणि जायचा.

ते दारात दिसले आणि सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. कोणाच्या हातात भाकर, कोणाच्या तोंडात घास. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या बाया आधी उठल्या, कुणब्यांच्या घरच्या बाया त्यांच्यामागून. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो आणि उठतानाही दोन रांगा असतात हे मलाही त्या दिवशीच दिसलं, कारण त्या दिवशी एक माणूस खाली बसलेलं होतं. बाई एकट्या मांडी घालून, हातात चटणी-भाकर घेऊन वर पाहत होत्या.

आबाजींनी बाईंना रामराम केला, चक्कर मारली आणि गेले. बाया पुन्हा बसल्या. मामी बसताना गुडघ्यावर हात ठेवून कण्हल्या. मग म्हणाल्या, "पाह्यलं ना? बसलं का उठा लागते, बाई. आबाजी येते, त्याचा पोरगा येते, मुनीम येते, संत्र्याचा व्यापारी येते. दिवसभर उठबस कोन करन? त्याच्यापेक्षा उभंच बरं."

"अन् नाही उठल्या तर?"

"तुम्ही नाही उठल्या तर तुम्ही बाई. आम्ही नाही उठलो तर आम्ही माजलो."

बाईंनी डबा बंद केला. त्या भर शेडमध्ये म्हणाल्या की माझी अट चुकली होती, मी खुर्ची पाहिली, माणूस नाही पाहिला. मालकाकडे जाऊन त्यांनी त्याला खोटारडा समजल्याबद्दल माफी मागितली. तो इतका गोंधळला की त्यानंच उलट त्यांची माफी मागितली.

पण अडचण तिथंच होती. मोठ्या कंपनीची माणसं पाहणीला येणार होती. स्टूल असूनही बाया उभ्याच दिसल्या, तर ही शेड यादीतून निघणार आणि मग बाईंनाही ती परत घेता येणार नव्हती. कारखाना दुसरीकडून माल घेईल, रामाकोन्याच्या बायांचा हंगाम जाईल. मॅनेजरचं म्हणणं सोपं होतं. पाहुणे येतील तेवढा वेळ बसायला सांगा आणि आबाजींना घरी ठेवा. बाई नाही म्हणाल्या. त्यांनी बायांना जाऊन सगळं जसं आहे तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "मी बसा म्हणणार नाही. तुमच्यावर एक मालक आहे, दुसरा मी व्हायची नाही. काय करायचं ते तुम्ही पाहा."

परतताना बसमध्ये त्या दांडा धरून उभ्या होत्या, मीही उभा होतो. त्यांनी मला विचारलं, "तुही माय काय करन?" मी म्हटलं, माहीत नाही. खरोखर माहीत नव्हतं. आईनं मला घरीही काही सांगितलं नाही. फक्त एवढं दिसलं की दोन-तीन दिवस संध्याकाळी बाया मामीच्या अंगणात जमत होत्या आणि मी जवळून गेलो की गप्प होत होत्या.

पाहणीच्या दिवशी मुंबईहून एक साहेब आणि एक मॅडम आल्या. आम्ही शेडमध्ये शिरलो. सगळ्या बाया पट्ट्याशी स्टूलवर बसून निवड करत होत्या. पाहुणे दोन पावलं आत आले आणि त्यांच्यामागून आबाजी, नवं धोतर नेसून, यजमान म्हणून.

पट्टा चालू होता, संत्री सरकत होती. काही बायांचे हात थांबले. एक पोरगी अर्धी उठली होती, शेजारणीनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. मी आईकडे पाहत होतो. आई बसलेली होती. तिची मान खाली होती, कान लाल झाले होते, पण ती बसलेली होती. आबाजींसमोर मी तिला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

आबाजी काठी टेकून उभे राहिले. "काय झालं वो, बाया हो?"

मामी म्हणाल्या, "गुडघे, आबाजी."

"तुहे दुखतेत. बाकीच्याइले काय झालं?"

"त्याइचेही दुखून राहिले."

"सगळ्याइचे?"

"सगळ्याइचे, जी. आजपासून."

पट्ट्याच्या त्या टोकाला कोणीतरी फिसकन हसलं. मालकाचा चेहरा उतरला. आबाजींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग भिंतीशी उरलेला एक स्टूल काठीनं ओढला आणि त्यावर बसले. "माह्येही दुखते," ते म्हणाले, आणि पट्ट्यावरचा एक संत्रा उचलून फिरवून पाहायला लागले.

मुंबईच्या मॅडमला काय झालं ते कळलं नाही. त्यांनी मला हिंदीत विचारलं की एवढ्या सगळ्या बायांना गुडघ्याचा त्रास कसा, इथं डॉक्टर येतो का? मी बाईंकडे पाहिलं. बाई दाराजवळच्या माठापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून पाणी पीत होत्या. फार वेळ पीत होत्या. पाहणीच्या अहवालात शेड पास झाली आणि खाली एक सूचना आली, मजुरांच्या गुडघ्यांच्या तक्रारीकडे लक्ष द्यावे. त्या सूचनेमुळे पुढे शेडवर खरंच महिन्यातून एकदा डॉक्टर यायला लागला.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. गावात रस्त्यावर आबाजी दिसले की बाया पूर्वीसारख्याच बाजूला होत. पण शेडमध्ये पुन्हा कोणी उठलं नाही. आबाजी यायचे तर स्टूल ओढून बसायचे, आणि पुढे पुढे मामीशी गुडघ्याच्या औषधांबद्दल बोलायचे.

बाई निवृत्त झाल्या आणि सावरगावात आपल्या संत्र्याच्या झाडांत रमल्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना स्टेजवर मोठी गादीची खुर्ची ठेवली होती. त्यांनी भाषण केलं नाही. गेटवरच्या वॉचमनला वर बोलावून त्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः हार घेऊन उभ्या राहिल्या. वॉचमन बिचारा त्या दिवसापासून त्यांना घाबरूनच असे, असं म्हणतात.

मी आता नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात खरेदी पाहतो. चादरी, गणवेश, हातमोजे, सफाईचे ठेके. बाईंना फोनवर बोलायला आवडत नाही, समोरचा बसला आहे की उभा हे कळत नाही म्हणतात. म्हणून मी त्यांना अधूनमधून पत्र लिहितो. मागच्या आठवड्यात लिहिलं ते असं.

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. यंदा झाडांना बहार कसा आहे?

गणवेश शिवून देणाऱ्या एका युनिटमध्ये मागच्या सोमवारी गेलो होतो. खुर्च्या होत्या, पंखे होते, पाणी चांगलं होतं, तुम्ही सांगितल्यासारखं त्यांच्याच माठातलं प्यायलो. पण मी आत शिरलो तर सगळे मशीन थांबवून उठून उभे राहिले. मी बसा म्हणालो, कोणी बसलं नाही. मी बाहेर निघेपर्यंत उभेच होते. मालक म्हणाला, साहेब, संस्कार चांगले आहेत आमच्या लोकांचे. त्यांच्या कराराचं नूतनीकरण थांबवलेलं नाही, एकदा तशी चूक पाहिली आहे. उद्या परत जाणार आहे, जेवणाच्या सुटीत, डबा घेऊन. बहुतेक उद्याही उठतील. परवाही जाईन.

आईचे गुडघे आता खरंच दुखायला लागले आहेत. हे तुम्हाला मुद्दाम कळवायला तिनं सांगितलं आहे. आबाजी वारले तेव्हा ती म्हणाली, आता खरं दुखणं सांगायला कोणी राहिलं नाही. मामी चालत नाहीत, पण बोलणं तसंच आहे.

शनिवारी आईला आमच्याच दवाखान्यात दाखवायला आणलं. आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. मोठे डॉक्टर आले, मी सवयीनं पटकन उठून उभा राहिलो. आई बसूनच होती. तिनं माझा हात धरून खाली ओढला आणि म्हणाली, "बस."

तुमचा आज्ञाधारक,
रामाकोन्याचा